कैची आणि सूप

अध्यक्ष गेले ते माघात.
सव्वीस वर्षं तेच होते,
सात हजार बायकांच्या युनियनला एक बाप्या.
आम्हाला कधी खटकलंही नाही,
जुन्या पंख्याचा आवाज खटकत नाही तसं.

मग चिठ्ठीवर दोन नावं आली.
बालामणी वडनाल, साखर पेठ. निशाणी सूप.
आनंदा कसबे, आमच्याच बुधवार पेठेतला. निशाणी कैची.

बुधवारी बालामणीच्या बायका आल्या.
माझ्याबरोबर खाली फरशीवरच बसल्या,
सुपातली पानं उचलून सवयीनं वळायलाही लागल्या.
"विड्या समद्या बाईच्या हातच्या,
मग खुर्चीत मिशी कशाला?
तू बाई हायस का न्हाईस?"
मी चहा ठेवला. तिघींनी घेतला.
चौथी म्हणाली, उपास आहे.
बुधवारी कसला उपास,
मी विचारलं नाही.

खोटं कशाला बोलू,
माझ्या हजारातल्या दीडशे छाट काढल्या तेव्हा
हीच बालामणी चेकरच्या अंगावर गेली होती,
तेलुगूत काय बोलली ते कळलं नाही,
पण त्यानं सव्वाशे परत मोजून घेतल्या.

रात्री आनंदाची पोरं आली.
"काकू, जय भीम.
युनियन झाल्यापासून आपला माणूस त्या खुर्चीत नाही.
दाराशी उभं राहून फॉर्म भरलाव आपण,
आत कधी बसायचं?
तुम्ही आपल्या हायत का न्हाई?"
तेही खरं.
फंडाचा फॉर्म त्यानं माझा सात वेळा भरला,
अंगठा नको, सही शिक, म्हणून
वहीच्या मागच्या पानावर माझं नाव गिरवून दिलं.
आणि मागच्या सभेत मी हात वर केला तेव्हा
"बसा जरा, बायकांचं शेवटी घेऊ" म्हणणाराही तोच.
हॉलमध्ये चारशे बायका होत्या.
बाप्ये नऊ.

रात्रभर पानं कापत बसले.
पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा,
कडेनं कैची फिरवायची.
आत येईल ती विडी,
बाहेर राहील ते चुलीला.
चुलीत जाणारं पान वेगळ्या झाडाचं नसतं.
एक साचा बुधवारी आला होता, दुसरा रात्री,
दोन्हींच्या बाहेर माझं बरंच काही उरत होतं
आणि सूप भरत नव्हतं.

सकाळी नळावर हुरबानू.
"काय विचार करलालीस?"
म्हटलं, बाई म्हणून सूप की वस्ती म्हणून कैची.
ती हसली, घागर कमरेवर घेतली.
"तेरे घर दोनो तो बी आए.
मेरेकू तो कोईच नै पूछे."
आणि गेली. सांडलेलं पाणी
तिच्या मागून दारापर्यंत गेलं.

रविवारी मतदान, अशोक चौकाजवळच्या ऑफिसात.
मला पडद्यामागं एवढा वेळ लागला
की बाहेरून कुणीतरी खाकरलं.
कैचीशिवाय सूप रिकामं,
सुपाशिवाय कैची नुसती वाजते,
हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.
शिक्का एकच मारायचा असतो.
कुठं मारला ते सांगणार नाही,
नवऱ्यालाही सांगितलं नाही,
तो आता फोटोत असला तरी.

बाहेर दोन्हीकडच्यांनी विचारलं,
"आपलंच ना?"
दोघांनाही हो म्हटलं.
दोन्ही वेळा पूर्ण खोटं नव्हतं.

मग परत फिरले.
टेबलाशी कारकून शाईचा डबा बंद करत होता.
म्हटलं, अध्यक्षाला उभं राहायचा फॉर्म
पुढच्या वेळी कधी मिळतो?
त्यानं वर बघितलं, पेनाचं टोपण उघडलं.
"नाव कुणाचं लिहू, काकू?"

रांगेत माझ्या मागं हुरबानू होती.
मी जरा वेळ लावला.