मोकळं वजन

दिवसभर मी ट्रक तोलतो.
लातूरच्या आडत बाजारामागं, बलदवांच्या काट्यावर,
सोयाबीन, तूर,
एकदा वऱ्हाडासकट आलेला टेम्पो
(कुणाची तरी पैज लागली होती).
आधी भरलेलं वजन, मग मोकळं वजन.
वजाबाकी मशीनच करतं,
मी फक्त पावती फाडतो.

नांदेडच्या मैदानावर पहाटे साडेचारला
मला तोललं.
छातीवर मार्करनं १४०७,
मागंपुढं नुकत्या फुटलेल्या मिशांची पोरं.
एकानं विचारलं, काका, कुणाला सोडायला आलाव?
छप्पन्न किलो. छाती सत्याहत्तर.
"फुगव."
बापानं चाळीस वर्षं पोती वाहिली याच आडतीत,
त्याच्या छातीला कुणी टेप लावली नाही.
तो सांगायचा, पोतं पाठीवर येताना
श्वास सोडायचा असतो, धरायचा नसतो.
मी धरला.
ब्याऐंशी भरली.

प्रादेशिक सेना म्हणजे वर्षातले दोन महिने बंदूक
आणि दहा महिने काटा,
असं मी घरी सांगितलं.
जितके दिवस वर्दी तितक्याच दिवसांचा पगार,
हे जरा हळू सांगितलं.

अयोध्यानं दुधाचं कार्ड उलटं केलं.
आबांचं इन्सुलिन, किशनची उदगीरची मेस,
व्हॅनवाल्याचे अकराशे, पतपेढीतल्या पाटल्या.
पाटल्यांपाशी पेन थांबलं,
मग पुढं गेलं.
"पहिला पगार कधी येतो?"
माहीत नाही.
"शेठ जागा ठेवतील?"
माहीत नाही.
"मग माहीत काय हाय तुम्हाला?"

मला जे माहीत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं:
की शेवटच्या फेरीत धावताना
कुणाचाच हप्ता आठवला नाही.
साडेपाच मिनिटं.
देश वगैरे नंतर आला असता,
तेव्हा दम लागला होता.

बलदवा शेठ चष्मा पुसत म्हणाले,
मुलूख सांभाळायला लाख जण आहेत, नागनाथ,
माझा काटा कोण सांभाळणार?
अयोध्या दाराशी उभी होती, चपला बाहेर काढून.
म्हणाली, मी.
बारावी कॉमर्स.
शेठ हसले. ती नाही हसली.

आठ दिवस ती माझ्या मागं स्टुलावर बसली,
नवव्या दिवशी मी तिच्या मागं.
आणि तिनं पकडलं
जे सहा वर्षांत मला दिसलं नव्हतं:
औशाचा तो जाडा ड्रायव्हर
भरलेल्या वजनाला केबिनमध्ये बसून राहतो,
मोकळ्या वजनाला चहाला जातो.
"ऐंशी किलो तूर," ती म्हणाली, "दर खेपेला.
पँट घातलेली."
शेठ पुन्हा हसले, पण वेगळं.
त्या संध्याकाळी तिला खुर्चीवर उशी मिळाली.
मला कधी मिळाली नव्हती.

निघायच्या रात्री गाडीला वेळ होता.
मी नवी पत्र्याची पेटी घेऊन डबा द्यायला गेलो.
"चढा," ती म्हणाली.
"काय करायलीस, लोक बघायलेत."
"चढा तर."
चाळीस टनांच्या लोखंडी पाटावर
मी उभा राहिलो, पेटी हातात,
सांडलेल्या दाण्याएवढा.
आमचा काटा दहाच्या पटीतच बोलतो.
आकडा सत्तर-ऐंशीत लुकलुकला,
मग ऐंशीवर बसला.

खिडकीतून पावती आली.
गाडी क्रमांक: १४०७.
माल: तिथं नुसती रेघ.
भरलेलं वजन: ८०.
मोकळं वजन
या रकान्यात काही नव्हतं.
"ते परत आल्यावर," अयोध्या म्हणाली.
"तोवर पावती पुरी होत नाही."

मागं सोयाबीनचा ट्रक हॉर्न देत होता.
मी उतरलो.
तिनं मान वळवून
त्याचा नंबर विचारला.