काडी

पहाटेचे तीन-दहा. ससून.
एक्स-रे पूर्वी ओला यायचा म्हणे, ठिबकत.
आता पडद्यावर कोरडाच उगवतो:
यकृताच्या माथ्यावर, उजवीकडे,
नखाएवढी काळी कोर.
हवा. जिथं नसावी तिथं.

सिकंदर मुलाणी, वय एकसष्ट,
पेशवे पार्काच्या फाटकाशी गॅसचे फुगे विकतो.
गुडघ्यांसाठी सुट्ट्या गोळ्या, दोन महिने,
नुसत्या चहावर.
पोट पाट्यासारखं.

मी म्हणते, आतड्याला भोक पडलंय, गॅस बाहेर आलाय.
"कुठला गॅस?"
धंद्यातला प्रश्न.
साधी हवा, काका. गिळलेली.
"मग बरं," म्हणतो, आणि दुखत असूनही
डावी भुवई दाखवतो. अर्धीच आहे.
टाकीजवळ कुणीतरी विडी शिलगावली होती,
थोरली पोटात होती तेव्हा.

ओटी धुतायत. वीस मिनिटं.
का कोण जाणे, मी त्याला सांगत बसते
एका जुन्या, वाळवी लागलेल्या पुस्तकातलं:
सव्वाशे वर्षं होऊन गेली,
पोटात गोळी लागलेला माणूस आला
की खालून रबरी नळी घालून हायड्रोजन भरायचे,
हळूहळू, पोटावर हात ठेवून.
आतडं धड असेल तर पोट नुसतं फुगायचं.
नसेल
तर गॅस गोळीच्या वाटेनं बाहेर,
आणि जखमेच्या तोंडाशी काडी.
पेटला, तर चाकू.
आधी कुत्र्यांवर करून पाहिलं होतं.
कुत्र्यांची नावं पुस्तकात नव्हती.

तो बराच वेळ गप्प.
मग: "भरणारा हात हलका पाहिजे.
शेवटचा दाब डोळ्यांना नाही कळत. कानांना कळतो."

भोक मसुराएवढं निघालं.
वर चरबीचा पदर ओढून तीन टाके,
मग पोटात सलाईन ओतलं,
भूलवाल्या देवधरांनी नाकातल्या नळीतून हवा सोडली
आणि आम्ही चौघं वाकून बघत राहिलो,
मंगळवार पेठेत पंक्चरवाला
घमेल्यात ट्यूब फिरवतो, तसे.
एक बुडबुडा आला.
हातमोज्यातला होता.
त्यानंतर काही नाही.

पाचव्या दिवशी राउंड.
सर्जन रोज विचारतो तो एकच मोठा प्रश्न:
वारा सरला का?
"सरला," सिकंदरभाई म्हणाले, अगदी गंभीरपणे.
"पण डॉक्टर, काडी ओढू नका."

मी केसपेपरवर वेळ लिहिली, सहा-चाळीस.
शेजारच्या खाटेवरचा हर्नियावाला हसला,
सिस्टर हसल्या,
आणि तेही हसायला गेले,
मग टाके दोन्ही हातांनी धरून
नुसते हलत राहिले.