चरबी झायलीनमध्ये विरघळते

नायनांचं पित्ताशय काढलं तेव्हा
सर्जननं यकृताचाही नखाएवढा तुकडा धाडला
अशोक चौकातल्या आमच्या लॅबमध्ये.
बाटलीवर नाव नव्हतं, नंबर होता.
नंबर मीच घातलेला.

मेणात बसवला, कापला,
चादरीच्या दशीतल्या एका तंतूहून पातळ,
गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवून
काचेवर निजवला.

भोकंच भोकं.
पांढरी, गोल, कडा अगदी स्वच्छ.
चरबी स्वतः दिसत नाही,
झायलीन तिला धुऊन नेतं;
दिसते ती तिनं अडवलेली जागा.

आणि केंद्रक?
पेशीच्या मधोमध असायचं ते
भिंतीला चिकटलंय, चपटं होऊन.
पाव्हणे आले की
दहा बाय बाराच्या खोलीत
नायना मागाला पाठ लावून बसायचे, तसं.

काही पेशी फुगलेल्या. आत
गुलाबी गुंता:
ज्या धाग्यांवर पेशी ताठ उभी राहते
ते मोडून गोळा झालेले.
हा गुंता मी ओळखते.
ताणा सैल पडला, धोटा अडकला
की नायना माग थांबवायचे,
एकेक तार थुंकीनं ओली करून सांधायचे,
रात्री दोनलाही.
इथं माग थांबवायला कुणी नाही.

तंतुकणिका आमच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत.
पुस्तकात पाहिल्यात: सुजलेल्या,
आतल्या घड्या विस्कटलेल्या,
जळणाच्या ढिगात बसून ठिणग्या उडवणाऱ्या.
एमआयडीसीतला बॉयलर एकदा असाच...
जाऊ दे.

"पितात का?" मॅडमनी विचारलं.
नाही. चहा पितात.
पाळीत आठ कप, चमचा उभा राहील इतकी साखर.
माग भंगारात जाऊन सहा वर्षं झाली,
कप आठच राहिले.

निळा रंग देऊन पाहिला: व्रण अजून धरलेला नाही.
"हे मागं फिरू शकतं," मॅडम म्हणाल्या,
आणि पुढची काच मागितली.
रिपोर्ट मी टाइप केला.
चरबी: पासष्ट टक्के.

संध्याकाळी चव्वेचाळीसचं एकेचाळीस झालं.
नायना ओट्यावर, हातात कप.
मी कप घेतला, उभ्या उभ्या पिऊन टाकला.
दाताला साखर लागली.
"काय गं श्यामला, लॅबात चहा नाही देत?"
म्हणत ते सरकले जरा,
मला बसायला जागा करत,
भिंतीकडे.