धर्मकाटा

मकरपुऱ्यात, जीआयडीसीच्या तिसऱ्या फाटकापाशी
बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मालाचं वजन करतो.
आधी भरलेला ट्रक, मग रिकामा.
वजाबाकी मशीन करतं,
पावती मी फाडतो, सही माझी: वि. गो. पागेदार.

त्यामुळे हेमांगीची दोन पत्रं आली
तेव्हा घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जणू हे माझंच खातं.

एक बेंगळुरूचं. जाड कागद, उठावाचा शिक्का.
वर्षाला चार लाख ऐंशी हजार, खाणावळ वेगळी.
दुसरं नडियादच्याही पुढचं, शाई फुटलेलं:
गुणवत्तेवर फी पूर्ण माफ,
कुठल्याही सहामाहीत साडेआठच्या खाली न घसरल्यास.

पहिलं नाव एका दमात सांगता येतं.
दांडिया बाजारात वहिनी विचारतील, मी सांगेन,
आणि त्या हातातली परात खाली ठेवतील.
दुसऱ्याला तालुका जोडावा लागतो,
मग बसस्टँड, मग "नवीनच आहे, पण चांगलं आहे म्हणतात."
आंघोळ करताना दोन्ही नावं मोठ्याने म्हणून पाहिली.
खोटं कशाला बोलू,
पहिल्याला घुमायला मोरी पुरेना.

शेजारचे रसिकभाई म्हणाले, नाम ए नाम, मोटाभाई,
लोन काढा, सगळेच काढतात.
रात्री वहीत मी लिहिलं: भरलेलं वजन.
त्यातून गाडी वजा करायला गेलो
तर कळेना, त्या नावात
गाडी किती आणि माल किती.

वाघोडियाहून ट्रक येतात कधी कधी,
पत्रे चकचकीत, आरशांना गोंडे,
आणि निव्वळ माल नऊशे किलो.
उलटंही पाहिलंय.
टायर गुळगुळीत, दार दोरीने बांधलेलं, आत पितळ.
म्हणजे बाहेरून कळत नाही,
एवढंच बावीस वर्षांत कळलं.
आणि तेवढ्याने कुणाची फी भरली जात नाही.

रविवारी ती डबा घेऊन आली,
सेव-उसळ, पाव वेगळे बांधलेले.
काटा मोकळा होता.
म्हणाली, बाबा, मला मोजा.
साठ टनांच्या त्या लोखंडावर उभी राहिली,
चपला काढून, देवळात काढतात तशा.
आकडा आला पन्नास.

"मी सेहेचाळीस आहे."

हा दहा-दहानेच मोजतो, मी म्हटलं,
मधलं त्याला दिसत नाही.

पावती काढा म्हणाली. काढली.
गाडी क्रमांक: कोरा. माल: कोरा.
तिने उजेडात धरून वाचली, मग विचारलं,
रिकामं वजन आधी करतात की नंतर?
कसंही चालतं, पण दोनदा यावं लागतं.

पावतीची घडी घालता घालता म्हणाली,
नडियादचे दोन हजार मी परवाच भरले.
शिकवणीचे साठले होते.

माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरलं.
इतक्या चटकन उतरलं
की मला लाज वाटली,
मी डब्याचं झाकण उगाच उघडलं, लावलं.

"तुला बेंगळुरू हवं होतं ना?"

"हवं होतं," ती म्हणाली.
"उसळ गार होतेय."

हालोलचा ट्रक फाटकात येऊन हॉर्न मारू लागला.
ती उतरली, एक चपल सापडेना, मग सापडली.
स्क्रीनवर शून्य यायला हवं होतं,
दहा राहिले.
खडी असेल. पट्ट्यांत माती बसते, होतं असं.
ड्रायव्हर घाईत होता, त्याला काय दिसणार.
मी बटण दाबून आधी काटा शून्यावर आणला.
आमचं वजन
त्याच्या पावतीत जायला नको.