निरीक्षण, दिवस तिसरा

लानेली, बुधवार. सकाळी सात दहा.
व्हॅनच्या काचेला आतून माझाच श्वास चिकटलाय.
समोर बारा नंबर. नेरिस प्रॉथरो,
वय अठ्ठावन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं.

फायलीत सगळं आहे.
सिग्नलला थांबलेली तिची गाडी,
मागून ताशी अकरा मैलांचा धक्का,
बंपरवर नखाएवढा ओरखडा.
डोकं मागे गेलं, पुढे आलं, एवढंच.
एक्स-रे निर्दोष
(आमच्या वकिलांचा आवडता शब्द).

कंपनी म्हणते, ओरखडा एवढा, तर दुखणं केवढं?
डॉक्टर म्हणतात, मानेतल्या शिरा-स्नायूंचं दुखणं फोटोत येत नाही,
कुणाचं सहा आठवड्यांत जातं,
कुणाच्या मानगुटीवर दोन-दोन वर्षं बसतं.
आणि या दोघांच्या मध्ये मी,
ताशी बावीस पौंड. पेट्रोल वेगळं.

सोमवारी तिनं दुधाची बाटली उचलली. डाव्या हातानं.
नोंद केली.
काल शेजारणीनं मागून हाक मारली
तर ती वळली अख्खी, पावलांपासून,
जड कपाट वळवावं तशी.
तेव्हा मी बॅटरी बदलत होतो.
म्हणजे, तसं लिहिलं.

आज शाळा सुटल्यावर नातू आला, पतंग घेऊन.
खाडीवरून वारा. पतंग चढत गेला, चढत गेला.
"मामगू, बघ ना! मामगू!"
तिची हनुवटी दोन बोटं उठली
आणि तिथंच अडली.

मग ती गुडघ्यांवर टेकली,
कुशीवर झाली,
दोन्ही हातांत स्वतःचं डोकं धरून
झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसं
तिनं ते ओल्या गवतावर ठेवलं
आणि आभाळ बघत राहिली.

चार मिनिटं सव्वीस सेकंद.
कोर्टात ते असं दिसेल:
दावेदार बागेत लोळत आहे. हसत आहे.
खोटं काहीच नाही त्यात,
हसत होतीच ती.

पाच वाजता साहेबांचा फोन.
काही सापडलं का?
तीन दिवस एकाच बाजूला बघून आखडलेली
माझी मान
मी हलवतो. आधी एकदा, मग पुन्हा.
हॅलो, साहेब म्हणतात, हॅलो?

फोनवर
मान दिसत नाही.