लिहू नको फक्त

नव्या पेठेत आमचं चादरीचं दुकान.
काउंटरवरचा डबा दिवसभर ओरडतो:
नऊशे पन्नास रुपये प्राप्त झाले.
कॉलेजची पोरं पैसे देताना
कानातलंसुद्धा काढत नाहीत.
पुण्याचे पाहुणे कार्ड पुढे करतात,
मग मशीन हातात धरून
मी रेंज शोधत पायरीवर.

एक मावशी येतात, भर दुपारी, गर्दी नसताना.
विड्यांची मजुरी खात्यावर जमा होते,
कार्ड मुलाकडे, मेसेजही मुलालाच.
मोराची चादर उलगडून त्या काठ तपासतात,
धाकट्या बहिणीला द्यायची आहे.
"स्कॅन करा की," मी सवयीनं बोलून जातो.
त्या डब्याकडे बघतात,
चोंबड्या शेजारणीकडे बघावं तसं.

मग कमरेच्या पिशवीतून
दहाच्या, विसाच्या, घामानं मऊ झालेल्या नोटा.
दोनदा मोजल्या. पन्नास कमी.
"राहू द्या, मावशी."
"राहू कशाला? मंगळवारी देते.
लिहू नको फक्त."

रात्री हिशेबाला गल्ला उघडला,
तंबाखूचा वास आला.
मालकांनी विचारलं, पन्नास कुणाकडे?
डबा गप्प होता.
मी म्हणालो, माझ्याकडे.