पावणेपाच

कूलरमधलं पाणी संपलं की टपटप थांबते
आणि शर्विल उठून बसतो.
पावणेपाच. मानेवाड्यात
कुत्रीसुद्धा निजलेली.

खिडकीला काळी चादर ठोकली.
दुपारची झोप अर्ध्या तासानं कापली.
रात्री अकराला कूलरमध्ये
दोन बादल्या जास्तीच्या.
सासूबाई म्हणाल्या, भुकेनं उठते लेकरू,
म्हणून झोपताना केळंही.

आणि रोज तेच वाक्य, दिवा न लावता:
काहून उठला? झोप. रात्र आहे.

आज चादरीचा खिळा निघाला.
मे महिन्यातलं साडेपाचचं ऊन
थेट त्याच्या उशीवर.
मी डोळे मिटून पडून राहिले.

त्यानं उन्हाच्या पट्ट्यावर बोट रोखलं,
हळूच म्हणाला,
काऊन उथला? झोप.

मग त्याच्याकडे पाठ करून
घोरू लागला,
खोटं खोटं.